चीड : एका शब्दाची जातकुळी



"तुम्ही लोक फार चिडता बुवा!"

हे वाक्य ऐकलं नाही असा आपल्यातला एक कार्यकर्ता दाखवा. कॉलेजात ऐकलंय, कचेरीत ऐकलंय, ग्रामसभेत ऐकलंय. कवितावाचन संपल्यावर चहाच्या वेळी तर हमखास ऐकलंय. बोलणारा हसत बोलतो, खांद्यावर हात ठेवून बोलतो, आपलं भलं व्हावं म्हणून बोलतो. या वाक्यात दोन गोष्टी आहेत. एक 'तुम्ही लोक'. दुसरी 'चिडता'. पहिलीबद्दल आपण पुष्कळ लिहिलं, पुष्कळ बोललो. दुसरी मात्र तशीच सुटली. आज तिचा समाचार घेऊ.

इतिहास म्हणजे फक्त किल्ले आणि सनावळ्या नव्हेत. शब्दालाही इतिहास असतो. शब्दालाही गाव असतं आणि गावाला गावकूस असतं. काही शब्द वेशीच्या आत राहतात, काही बाहेर.

मराठीत रागाला शब्द कमी नाहीत. पण कुणाच्या रागाला कुठला शब्द लावायचा हे ठरलेलं असतं. देवाचा होतो तो 'कोप'. ऋषीचा होतो तो 'क्रोध'. गुरुजी, साहेब, मालक 'रागावतात', आणि रागावणं म्हणजे वर पुन्हा समजावणं, वळण लावणं. बायको 'रुसते'. पोर 'चिडतं'. आणि गावकुसाबाहेरचा माणूस? तो 'माजतो'. तो 'शेफारतो'. तो 'शिरजोर होतो', 'पायरी सोडतो'. त्याला राग आला असं कुणी म्हणतच नाही. कारण राग आला म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कशाचा राग आला? 'माजला' म्हटलं की प्रश्नच संपला. माज हा खाण्यापिण्यानं येतो, त्याला कारण लागत नाही.

आपल्या पालीचं उदाहरण घ्या. सुधागड तालुका १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. राजधानी घाटावर, भोरला. राजे पंतसचिव, जातीनं ब्राह्मण. संस्थानाचे तालुके पाच, त्यातला हा एकच घाटाखाली कोकणात उतरलेला. म्हणजे इथल्या रयतेचा मायबाप डोंगरापलीकडे. अशा राजवटींच्या मराठीत सत्तेच्या रागाला खास दरबारी शब्द होते : 'इतराजी', 'गैरमर्जी', 'खप्पा मर्जी'. बघा, राग हा शब्दसुद्धा नाही त्यात. फक्त मर्जी गेली. आणि मर्जी गेली एवढ्यानं माणसाचं वतन जायचं, घर जायचं. वरच्याची नुसती मर्जी जाते तेव्हा खालचा उद्ध्वस्त होतो. खालच्याच्या काळजाला घरं पडतात तेव्हा मात्र 'माजलंय' म्हणतात. कुलाबा, रत्नागिरीच्या खोतांच्या मुलखातही हेच. खोत रागावला, कूळ माजलं. एकाच भांडणाची ही दोन क्रियापदं!

आता 'चिडणे' या शब्दाकडे या. याची घडण मोठी मासलेवाईक आहे. करणे-करवणे, रडणे-रडवणे, तसं चिडणे-चिडवणे. म्हणजे व्याकरणानं 'चिडवणे' याचा अर्थ 'चीड आणणे'. पण मराठीत चिडवणं म्हणजे गंमत! "अरे, चिडवत होतो नुसता, लगेच काय चिडतोस?" जखम करणाऱ्याचं काम खेळ ठरलं आणि जखम झालेल्याचं ओरडणं दोष ठरला. खेळात चिडलेल्या पोराला बाकीची पोरं 'चिडका बिब्बा' म्हणतात. बिब्बा आपल्याला ठाऊक आहे. त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, बिब्बा उततो. पण बिब्बा आपणहून कुणाच्या अंगावर येत नाही. कुणीतरी तो ठेचतो, टोचतो, मग तो उततो. दोष मात्र बिब्ब्याचा.

शाळेत हजेरीच्या वेळी आडनाव वाचून कुणीतरी खुसफुसतं. स्कॉलरशिपचा फॉर्म वाटताना मास्तर मोठ्यानं जात विचारतात. "जावईबापू आले सरकारचे!" असा आवाज येतो. हे सगळं चिडवणं. आणि त्यावर आपलं पोर उठून बोललं की ते चिडकं. 'चिडखोर' असा स्वभावच त्याच्या नावावर लागतो. म्हणजे घडलेली गोष्ट पुसली जाते आणि माणसाच्या अंगाला खोड चिकटवली जाते.

पण याच धातूतून मराठीला आणखी दोन शब्द मिळाले आणि त्यांतला फरक फार मोलाचा आहे. एक 'चिडचिड', दुसरा 'चीड'. झोप झाली नाही, डास चावले, एस. टी. चुकली की चिडचिड होते. तिला कर्म लागत नाही. 'कशाची चिडचिड?' विचारलं तर माणूस म्हणतो, 'काय नाय, उगीच.' चीड उगीच येत नाही. चीड *कशाची तरी* येते. ढोंगाची चीड, लाचारीची चीड, अन्यायाची चीड. त्या 'ची' प्रत्ययात सगळं आहे. शिवाय 'मी चिडतो' आणि 'मला चीड येते' या दोन वाक्यांतही फरक आहे. पहिल्यात करणारा मी, म्हणून दोष माझा. दुसऱ्यात चीड माझ्याकडे येते, म्हणजे ती कुठून तरी निघालेली आहे. ती जिथून निघाली ते ठिकाण दाखवता येतं. ते ठिकाण दाखवणं हे चळवळीचं काम.

मर्मावर घाव बसला की कळ उठते आणि त्या कळीतून राग येतो. ही कळ दोन्ही बाजूंना असते, हे आपण मान्य केलं पाहिजे. प्रश्न असा आहे की कुणाची कळ कायद्यानं, समाजानं, इतिहासानं कळ म्हणून मोजली? याचा हिशेब बघायचा तर आपल्याच जिल्ह्यात महाडला जाऊ.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पैशानं बांधलेली वा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या. (पाली संस्थानात, म्हणून हा ठराव इथं लागूच नव्हता. एकाच डोंगररांगेखालच्या दोन गावांत पाण्याचे कायदे निराळे आणि कोरड मात्र एक!) १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तळ्यावर मुसलमान भरत होते, ख्रिश्चन भरत होते, गुरंढोरं पीत होती. फक्त आपण नव्हतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन शिस्तीत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

त्यानंतर काय झालं? गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या निघाल्या. परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्या माणसांना मारलं, अन्न मातीत कालवलं. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून आलेले निवृत्त शिपाई होते. त्यांना परत वार करता येत नव्हता असं नाही. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. हल्ल्याचा खटला झाला, काही हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि गावानं तळं 'शुद्ध' केलं. दूध, दही, शेण, गोमूत्र घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या. शेणानं शुद्ध होणारं पाणी माणसाच्या ओंजळीनं बाटतं!

त्या १०८ घागरी म्हणजे काय आहेत? त्या दुखावलेल्या भावना आहेत. सवर्ण समाज दुखावला होता. नाटक नव्हतं ते, त्याला खरोखर झोंबलं होतं. पण त्याच्या झोंबण्याला मंत्र मिळाले, घागरी मिळाल्या, पुढे नगरपालिकाही मिळाली. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला.

आणि आपली कळ? तिला कोर्टाची पायरी मिळाली. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दावा लावून मनाई हुकूम आणला. सत्याग्रह तहकूब करावा लागला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. खटला चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. दहा वर्षं! पण निकालात मुद्दा कुठला होता ते बघा. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून ते हरले. माणसाला पाण्यावरून हाकलल्यानं त्याच्या काळजाचं काय होतं, हा मुद्दा कोर्टापुढं नव्हताच. आपण जिंकलो, पण आपली जखम तिथं पुरावा म्हणून दाखल झाली नव्हती.

आता त्याच १९२७ सालाची दुसरी गोष्ट. लाहोरच्या 'रंगीला रसूल' प्रकरणानंतर सरकारनं भारतीय दंडविधानात २९५-अ हे कलम घातलं : धार्मिक भावना मुद्दाम भडकावून धर्माचा अपमान करणं हा गुन्हा. धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम उच्चारलेल्या शब्दांना १८६० पासून २९८ कलम होतंच. म्हणजे धर्माची भावना दुखावली, तर ते दुखावणं हाच गुन्हा. आणि साध्या माणसाचा अपमान केला तर? त्याला ५०४ कलम. पण तिथं अट अशी की त्या अपमानानं माणूस चिडून शांतताभंग करील अशा हेतूनं वा जाणिवेनं तो केलेला असला पाहिजे. नीट वाचा. कलमाला काळजी शांततेची आहे. अपमान झालेल्या माणसाचं दुःख तिथं मोजलं जात नाही, त्याच्या चिडण्याची भीती मोजली जाते. एकाची भावना म्हणजे मालमत्ता, दुसऱ्याची भावना म्हणजे दारूगोळा! २०२४ च्या जुलैपासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, २९५-अ चं २९९ झालं, ५०४ चं ३५२ झालं. मांडणी तीच.

आपल्या जखमेला कायद्यात शब्द मिळायला स्वातंत्र्य आणि संविधान यावं लागलं. १९५५ साली अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आला. १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात प्रथमच ठसठशीत लिहिलं गेलं की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अवमानित करण्याच्या हेतूनं लोकांसमक्ष केलेला अपमान हा अत्याचार आहे. १९२७ ते १९८९. बासष्ट वर्षं मोजा बोटांवर.

आणि तरीही 'फार चिडता' संपलं नाही. २० मार्च २०१८ ला, नेमक्या चवदार तळ्याच्या दिवशी, सुभाष काशिनाथ महाजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याचा गैरवापर होतो म्हणून अटकेवर बंधनं घातली. २ एप्रिलला भारत बंद झाला, रस्त्यावर माणसं मेली. त्यानंतर संसदेनं कायदा दुरुस्त करून ती बंधनं काढली आणि २०१९ मध्ये न्यायालयानंही आपले निर्देश मागं घेतले. २०२० साली दुसऱ्या एका निकालात न्यायालय म्हणालं, चार भिंतींच्या आत कुणी बाहेरचं नसताना केलेला अपमान या कलमात बसत नाही. कायदा आपल्या कळीला ओळखतो, पण साक्षीदार असला तर.

मधल्या काळात साहित्यात काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण आपली ही सायक्लोस्टाइल पानं त्याच वाटेवरची. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. त्यात त्यांनी हिशेब मांडला होता : राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३०० रुपये दंड आणि दलित बाईची विटंबना केली तर ५० रुपये दंड. हा हिशेब मांडताना त्यांनी जे शब्द वापरले त्यानं मोठा गहजब उडाला. ध्वजाच्या अपमानानं शिकलेला मराठी माणूस दुखावला, वर्तमानपत्रं तापली. कुणाला ३०० आणि ५० मधला २५० चा फरक दुखला? तो आकडा चर्चेतून कधीच गळाला, शिवी तेवढी उरली. म्हणजे पुन्हा तेच. आपण *कशाची* चीड ते सांगायचं आणि त्यांनी आपण *कसे* चिडलो ते बघायचं. 'ची' प्रत्यय कापून टाकायचा, मग चिडीची चिडचिड होते.

आता आपल्यातल्या आपल्यात एक सवाल. १९५६ ला आपण बौद्ध झालो. बुद्ध तर राग सोडा सांगतो. मग चीड बाळगणारा बौद्ध कसा? हा प्रश्न शिबिरात पोरं विचारतात आणि बरेचदा त्यांना गप्प केलं जातं. गप्प करू नका. उत्तर आहे.

आपल्या गावाचं नाव पाली आणि त्रिपिटकाची भाषाही पाली. हा नुसता योगायोग असेल, पण पालीपासून जवळच ठाणाळ्याची २३ बौद्ध लेणी डोंगरात कोरलेली आहेत आणि खडसांबळ्यालाही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथं राहणाऱ्या भिक्खूंना हा प्रश्न परका नव्हता. पाली भाषेत मनातल्या आकसाला 'आघात' म्हणतात. मराठीत आघात म्हणजे घाव. एकच शब्द : तिकडे घावानं मनात उरलेली अढी, इकडे घाव. दुसरा पाली शब्द 'पटिघ', त्यातही मारण्या-आपटण्याचाच धातू आहे. घाव आणि राग यांचं नातं त्या भाषेनं शब्दातच जपलं. बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोशाचं काम केलं होतं, ते त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापलेलं आहे. ज्या माणसावर हजार कामं होती तो शब्द गोळा करत बसला, याचा अर्थ आपण ओळखावा.

अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात आघाताची नऊ कारणं सांगितली आहेत. ती अशी : त्यानं माझं वाईट केलं, करतो आहे, करील. माझ्या आवडत्या माणसाचं वाईट केलं, करतो आहे, करील. माझ्या नावडत्या माणसाचं भलं केलं, करतो आहे, करील. संपली यादी. सगळी कारणं 'मी'भोवती फिरतात : मी, माझा, माझा वैरी. या यादीत एक गोष्ट नाही. ज्याला मी कधी पाहिलं नाही, जो माझा कुणी लागत नाही, त्याला पाण्यावरून हाकललं म्हणून माझ्या जिवाला लागलं, हे या नऊ कारणांत कुठंच बसत नाही. ते करुणेच्या घरातून आलेलं असतं. अन्यायाची चीड ती ही. बुद्धानं राग उराशी धरा असं कुठंही सांगितलेलं नाही, आणि आपणही त्याच्या तोंडी ते घालू नये. माणसावर डूख धरणं ही आपली वाट नव्हे. महाडला बाबासाहेबांनी हात थांबवले, पण चीड थांबवली नाही. ती त्यांनी कोर्टात नेली, मनुस्मृतीच्या होळीकडे नेली, पुढं संविधानाच्या सतराव्या कलमापर्यंत नेली. 'अस्पृश्यता नष्ट केली आहे' हे त्या कलमातले शब्द. किती थंड वाक्य! पण त्याच्याखाली हात धरून बघा.

म्हणून कुणी 'फार चिडता' म्हणालं की ओशाळू नका, वर्दळीवरही येऊ नका. शांतपणे विचारा, कशाची? आणि आपणच सांगा. चिडीला कर्म द्या.

यातून दोन कामं निघतात. पहिलं काम वहीचं. आपल्या तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून म्हाताऱ्या माणसांकडे बसा. पूर्वी गाव आपल्याला काय बोलायचं, खोत-सावकार काय बोलायचे, आपल्या माणसांच्या रागाला कुठला शब्द लावायचे, ते जसंच्या तसं उतरवून घ्या. कोण, कुणाला, कुठं, कुठल्या साली. मोल्सवर्थचा कोश १८३१ ला निघाला तेव्हा साहेबाच्या हाताशी शब्द पुरवायला ब्राह्मण शास्त्री होते. आपल्या आज्याला विचारायला कुणी वाड्यात आलं नव्हतं. ते काम आपलं आहे, आणि ती माणसं आता फार दिवसांची सोबती नाहीत.

दुसरं काम पोलीस ठाण्याचं. अपमानाची फिर्याद लिहिताना 'आम्हाला वाईटसाईट बोलले', 'भावना दुखावल्या' असं मोघम लिहू नका. मोघम लिहिलं की ठाणेदार त्याची अदखलपात्र नोंद करून मोकळा होतो. बोललेला शब्द न् शब्द लिहा, जातीचा उल्लेख कसा केला ते लिहा, जागा लिहा, वेळ लिहा, कोण कोण ऐकत होतं त्यांची नावं लिहा. लाज वाटते म्हणून शिवी गाळू नका. ती शिवी आपली नाही, ज्यानं दिली त्याची आहे. कागदावर ती त्याच्या नावानं नोंदली गेली पाहिजे. फिर्याद नोंदली की तिची नक्कल मागा, ती फुकट मिळते.

जयभीम!